दातांची दुरुस्ती आणि पदार्थविज्ञान : बळकटी, चिवटपणा व खर्च यांचा हिशेब

वाराणसीचा रामघाट मराठी वाचकांना परिचित आहे तो मुख्यतः तेथील वल्लभराम शालिग्राम सांगवेद विद्यालयामुळे. शेजारच्या दुर्गाघाट, ब्रह्माघाट, पंचगंगा या वस्त्यांत पिढ्यान्‌पिढ्या राहणारी मराठी कुटुंबे आणि त्यांची वेदाध्ययनाची परंपरा यांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. प्रस्तुत लेखाचा विषय वेगळा आहे; परंतु त्याचा पहिला धडा याच पायऱ्यांवर घेता येतो. घाटावरचा चहा मातीच्या कुल्हडातून दिला जातो. काही वर्षांपूर्वीपर्यंत तो पातळ प्लॅस्टिकच्या पेल्यातूनही सर्रास मिळत असे. १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरावयाच्या अशा पेल्यांवर देशभर बंदी आली. कुल्हड हातात दाबला तर त्याचा आकार तसूभरही बदलत नाही, उकळत्या चहाने तो मऊ पडत नाही. मात्र दगडी पायरीवर पडला की त्याचे तुकडे होतात. प्लॅस्टिकचा पेला बोटांच्या दाबाने चेपतो, गरम चहाने मऊ होतो, पण पडला म्हणून फुटत नाही. पहिला सिरॅमिक पदार्थ, दुसरा पॉलिमर म्हणजे बहुवारिक. दंतवैद्याच्या कपाटातील बहुतेक साहित्य याच दोन घराण्यांतील, अथवा त्यांच्या संकरातून जन्मलेले असते.

किडलेला, झिजलेला किंवा तुटलेला दात पुन्हा कामास लावण्यासाठी जे भरण, जी कॅप किंवा जी कवळी वापरली जाते, तिच्या गुणधर्मांचा अभ्यास विज्ञान व तंत्रज्ञान या घटकात सहसा नावांच्या यादीपुरता होतो. झिर्कोनिया, कॉम्पोझिट, ग्लास आयोनोमर ही नावे पाठ केली जातात आणि 'सर्वांत बळकट पदार्थ कोणता?' या प्रश्नाचे एका शब्दात उत्तर दिले जाते. हा प्रश्नच अपुरा आहे. कोणत्या दातासाठी, कोणत्या भाराखाली, ओल्या तोंडात किती वर्षे आणि कोणाच्या पैशाने, हे ठरविल्याशिवाय बळकटीच्या आकड्याला अर्थ प्राप्त होत नाही. एक गुण वाढविला की दुसरा घटतो. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला ही कोंडी पर्यायी खर्चाच्या संकल्पनेतून ओळखीची आहे.

हा विषय मूठभरांचा नाही. भारतीय दंत परिषदेने २००२-०३ मध्ये केलेल्या राष्ट्रीय मुख आरोग्य सर्वेक्षणात १२ वर्षे वयाच्या निम्म्याहून अधिक मुलांमध्ये, तर ३५ ते ४४ या वयोगटातील सुमारे ८० टक्के व्यक्तींमध्ये दंतक्षय आढळला होता.

दात : निसर्गाने घडविलेला संमिश्र पदार्थ

दाताचे बाहेरचे आवरण म्हणजे एनॅमल. त्याच्या वजनाचा सुमारे ९६ टक्के भाग हायड्रॉक्सिअ‍ॅपेटाइट या खनिजाचा असतो. शरीरातील हा सर्वांत कठीण पदार्थ. पण स्वभावाने ठिसूळ. त्याखालच्या डेंटिनमध्ये खनिजाचे प्रमाण सुमारे ७० टक्के असते आणि उर्वरित भाग कोलॅजेनचे तंतू व पाणी यांचा असतो. म्हणजे निसर्गाने वर सिरॅमिक आणि खाली खनिजयुक्त पॉलिमर अशी रचना केली आहे. एनॅमलमध्ये पडलेली भेग डेंटिनच्या सीमेपाशी आली की बहुधा तेथेच थबकते. म्हणूनच वृद्ध माणसाच्या पुढच्या दातांवर बारीक उभ्या रेषा दिसतात, तरी दात शाबूत राहतो.

या दातावर येणारा भार किती? दाढांमध्ये निरोगी प्रौढ व्यक्ती जास्तीत जास्त ५०० ते ७०० न्यूटन, म्हणजे साधारण ५० ते ७० किलोग्रॅम वजनाएवढा जोर लावू शकते. नेहमीच्या जेवणात याच्या लहानशा अंशावर काम भागते. मात्र हा लहान भार पुनःपुन्हा येतो. पदार्थांच्या प्रयोगशाळांत सुमारे अडीच लाख चावे म्हणजे मुखातील एक वर्ष असा संकेत आहे. त्यातच उकळता चहा आणि बर्फाची कुल्फी यांमुळे तापमान बदलते (चाचणीसाठी ५ ते ५५ अंश सेल्सिअस ही मर्यादा धरली जाते), लाळेचे पाणी सतत असते आणि आंबट पदार्थांचे आम्लही असते. वाराणसीसारख्या विडाप्रिय शहरात सुपारीची भर पडते. सुपारी अडकित्त्याने कातरून खाण्याची चाल केवळ सोयीची नव्हे. अख्खी सुपारी दाढेखाली आली की सारा भार एका बिंदूवर एकवटतो. वर्षानुवर्षे सुपारी चघळणाऱ्यांच्या दाढा सपाट झालेल्या आणि कधी उभ्या चिरलेल्या आढळतात, त्याचे कारण हेच.

चार संज्ञा, ज्यांची सरमिसळ होते

एक चौरस मिलिमीटर क्षेत्रावर एक न्यूटन बल लावले असता निर्माण होणारे प्रतिबल म्हणजे एक मेगापास्कल. ही एक समता लक्षात ठेवली तर पुढचे सर्व आकडे डोळ्यांसमोर उभे राहतात. एक हजार मेगापास्कल म्हणजे एक गिगापास्कल.

बळकटी म्हणजे पदार्थ तुटण्यापूर्वी जास्तीत जास्त किती प्रतिबल सहन करतो. हे दाबाखाली, ताणाखाली किंवा वाकविताना मोजतात. सिरॅमिक पदार्थ दाबाला उत्तम टिकतात, ताणाला कच खातात. कॅपवर वरून दाब आला की ती किंचित वाकते आणि तिच्या आतल्या पृष्ठभागावर ताण निर्माण होतो; तडा बहुधा तेथूनच सुरू होतो. म्हणून दंतसाहित्याच्या बाबतीत वाकविताना मोजलेली बळकटी, म्हणजे नमनबल, हा आकडा महत्त्वाचा मानतात.

ताठपणा ही दुसरी संज्ञा. ठरावीक प्रतिबलाखाली पदार्थ किती कमी विकृत होतो, हे यंगच्या गुणांकाने सांगितले जाते. एनॅमलचा गुणांक ८० गिगापास्कलच्या आसपास, डेंटिनचा १५ ते २०, झिर्कोनियाचा सुमारे २१०, तर कवळीच्या अ‍ॅक्रिलिकचा जेमतेम अडीच ते तीन. ताठ म्हणजे बळकट नव्हे. काच ताठ असते, पण बळकट नसते.

कठिनता म्हणजे पृष्ठभागावर ओरखडा किंवा खळगा पडण्यास होणारा विरोध. भरण फार मऊ असेल तर ते स्वतः झिजते. फार कठीण आणि खरखरीत असेल तर समोरच्या नैसर्गिक दाताला झिजविते.

चौथी संज्ञा चिवटपणाची, आणि परीक्षार्थींचा गोंधळ येथेच सर्वाधिक होतो. आधीच अस्तित्वात असलेली भेग पुढे सरकण्यास पदार्थ किती विरोध करतो, याचे हे माप आहे. प्रत्येक सिरॅमिक वस्तूत सूक्ष्म पोकळ्या व ओरखडे असतातच. इंग्लंडमधील ए. ए. ग्रिफिथ यांनी काचेवरील प्रयोगांच्या आधारे १९२० च्या सुमारास दाखवून दिले की, ठिसूळ पदार्थाची बळकटी त्यातील सर्वांत घातक दोषावर ठरते. सोप्या रूपात मांडायचे तर, तुटण्याचे प्रतिबल काढण्यासाठी दोषाची खोली मीटरमध्ये घेऊन तिला पायने गुणावे, त्याचे वर्गमूळ काढून १.१ ने गुणावे आणि या संख्येने चिवटपणाला भागावे.

एक उदाहरण सोडवून पाहू. दंतवैद्यकीय चिनीमातीचा चिवटपणा त्याच्या एककात सुमारे १ असतो. तिच्या पृष्ठभागावर ५० मायक्रॉन खोल ओरखडा असेल तर वरील सूत्राने तुटण्याचे प्रतिबल सुमारे ७० मेगापास्कल येते. प्रत्यक्ष चाचण्यांत या पदार्थाचे नमनबल ६० ते १०० मेगापास्कल मिळते, म्हणजे सूत्र वास्तवाच्या जवळ आहे. आता कॅप बसविताना चावा जुळत नाही म्हणून ती घासली आणि ओरखडा २०० मायक्रॉनचा झाला, तर दोष चौपट झाल्याने बळकटी निम्मी, सुमारे ३५ मेगापास्कल उरते. पदार्थ तोच, किंमत तीच, बळकटी मात्र निम्मी. घासल्यानंतर पुन्हा गुळगुळीत करण्याची पायरी घाईच्या दवाखान्यात गाळली जाते तेव्हा काय गमावले जाते, हे या हिशेबावरून कळते.

याला जोडूनच एक सांख्यिकीय मुद्दा येतो. दोष यदृच्छया विखुरलेले असल्याने एकाच भट्टीतून निघालेल्या दहा नमुन्यांची बळकटी दहा प्रकारची येते. स्वीडिश अभियंता वायबुल यांनी १९३९ मध्ये यासाठी जे वितरण मांडले त्यातील गुणांक एकसारखेपणा दर्शवितो. दोन सिरॅमिक पदार्थांची लाक्षणिक बळकटी १०० मेगापास्कलच आहे, पण एकाचा वायबुल गुणांक १० आणि दुसऱ्याचा ५ आहे असे समजा. शंभरांत एकच नमुना तुटावा अशी अट घातली तर पहिल्यावर ६३ मेगापास्कलपर्यंत भार देता येतो, दुसऱ्यावर केवळ ४०. दरडोई उत्पन्नाच्या सरासरीने दारिद्र्य कळत नाही, तसेच हे आहे. जाहिरातीत सरासरी छापली जाते आणि रुग्णाच्या वाट्याला मात्र वितरणाचे खालचे टोक येऊ शकते.

सिरॅमिक : चिनीमातीपासून झिर्कोनियापर्यंत

चिनीमातीच्या संपूर्ण कॅपचा प्रघात अमेरिकेतील डेट्रॉइट येथील चार्ल्स लँड यांनी १९ व्या शतकाच्या अखेरीस पाडला. फेल्डस्पार व गारगोटी यांपासून बनलेली ही कॅप दिसावयास दातासारखी, परंतु दाढेवर टिकणारी नव्हती. १९६५ मध्ये मॅकलीन व ह्यूज यांनी तीत अ‍ॅल्युमिनाचे स्फटिक मिसळून तिला आधार दिला. पुढे लिथियम डायसिलिकेटचे गुंतलेले सुईसारखे स्फटिक असलेली काचसिरॅमिके आली. त्यांचे नमनबल साधारण ३५० ते ४०० मेगापास्कल आणि चिवटपणा चिनीमातीच्या दुप्पट ते तिप्पट आहे. भेगेला सरळ वाट मिळत नाही, तिला स्फटिकांना वळसा घालावा लागतो.

झिर्कोनियाची कथा अधिक मनोरंजक आहे. झिर्कोनियम डायऑक्साइडमध्ये सुमारे ३ मोल टक्के इट्रिया मिसळला की उच्च तापमानाला स्थिर असणारी त्याची चतुष्कोणीय स्फटिकरचना थंड झाल्यावरही टिकून राहते. एरवी तिने एकनताक्ष रचनेत जायला हवे होते. ती जणू अडकवून ठेवलेली असते. भेग जवळ आली की तिच्या टोकाशी निर्माण झालेल्या ताणामुळे तेथील स्फटिक एकनताक्ष रचनेत बदलतात आणि त्यांचे आकारमान सुमारे ४ टक्क्यांनी वाढते. ही वाढ भेगेच्या दोन्ही कडांना दाबून धरते. ऑस्ट्रेलियातील गार्वी, हॅनिंक व पॅस्को यांनी १९७५ मध्ये ही यंत्रणा प्रकाशात आणली. परिणामी नमनबल ९०० ते १,२०० मेगापास्कल आणि चिवटपणा ५ किंवा त्याहून अधिक मिळतो. मघाचे सूत्र उलटे वापरा : चिवटपणा ५ आणि बळकटी १,००० असेल तर घातक दोषाची खोली अवघी ६.६ मायक्रॉन येते. म्हणजे झिर्कोनियाचे यश जितके स्फटिकरचनेचे, तितकेच बारीक, निर्दोष चूर्ण तयार करण्याच्या कौशल्याचे आहे. या मुद्द्याकडे पुढे पुन्हा यावे लागेल.

तथापि या यशालाही किंमत आहे. तीच रूपांतरक्षमता ओलाव्यात हळूहळू, भेगेशिवायही जागी होऊ शकते. २००१ च्या सुमारास कृत्रिम खुब्यांत बसविलेले झिर्कोनियाचे काही गोळे शरीरात फुटल्याने उत्पादकाला ते परत घ्यावे लागले. भट्टीतील प्रक्रियेतील बदल त्यास कारणीभूत ठरला होता. दुसरी गोष्ट दिसण्याची. ३ टक्के इट्रियाचा झिर्कोनिया खडूसारखा अपारदर्शक दिसतो. पुढच्या दातांसाठी तो अर्धपारदर्शक करावयाचा तर इट्रिया ५ मोल टक्क्यांपर्यंत वाढवावा लागतो. मग रूपांतराची यंत्रणा बहुतांशी नाहीशी होते आणि बळकटी व चिवटपणा दोन्ही घटतात. सौंदर्य आणि चिवटपणा यांतील ही देवघेव विक्रेते क्वचितच सांगतात. समोरचा दात झिजण्याची भीती मात्र अनाठायी आहे, पृष्ठभाग नीट घासून चकचकीत केलेला असेल तर.

पॉलिमर आणि संमिश्रे

पॉलिमिथाइल मेथाक्रिलेट, म्हणजे नेहमीच्या बोलण्यातील अ‍ॅक्रिलिक, १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धात कवळीसाठी आले आणि आजही टिकून आहे. त्याचे नमनबल आंतरराष्ट्रीय मानकानुसार किमान ६५ मेगापास्कल असावे लागते. कवळी धुताना हातातून निसटून मोरीत पडून तुटते, हा अनुभव घरोघरी आहे. चिवटपणाच्या मर्यादेचे ते घरगुती प्रात्यक्षिकच होय.

दातात भरावयाच्या राळेसाठी दोन शोध निर्णायक ठरले. मायकेल बुओनोकोर यांनी १९५५ मध्ये दाखविले की, फॉस्फोरिक आम्लाने एनॅमल किंचित खरवडले तर राळ त्या सूक्ष्म खळग्यांत शिरून घट्ट पकडते. त्यानंतर अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेतील राफेल बोवेन यांनी नव्या प्रकारची राळ व सिलिकाचे चूर्ण यांचे मिश्रण तयार केले. त्याचे एकस्व १९६२ चे आहे. आजचे कॉम्पोझिट हे त्याचेच वंशज. सामान्यतः ज्याला 'पांढरे सिमेंट' म्हटले जाते ते बहुधा हेच असते. त्याचे नमनबल ८० ते १६० मेगापास्कल व ताठपणा साधारण ५ ते १५ गिगापास्कल असतो. चावण्याच्या पृष्ठभागावर वापरावयाच्या कॉम्पोझिटसाठी आंतरराष्ट्रीय मानक ८० मेगापास्कलची किमान अट घालते.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. कॉम्पोझिटचा ताठपणा डेंटिनच्या जवळ जातो, झिर्कोनियाचा त्याच्या दहापट किंवा अधिक आहे. दोन पदार्थ एकत्र भार उचलतात तेव्हा जो अधिक ताठ असतो तो भाराचा मोठा वाटा स्वतःकडे घेतो. मुळाच्या पोकळीत फार ताठ खुंटी बसविली तर अखेरीस खुंटी राहते आणि मूळच चिरते. अशा जागी काचतंतूंनी बळकट केलेली, डेंटिनसारखी वाकणारी पॉलिमरची खुंटी बरी पडते, कारण बिघाड झालाच तर तो दुरुस्त होण्याजोगा असतो. तुटलेले बदलता येते, चिरलेले मूळ मात्र काढावेच लागते.

कॉम्पोझिटचे खरे दुखणे आकुंचन हे आहे. निळ्या प्रकाशाने राळ घट्ट होताना तिचे आकारमान २ ते ३ टक्क्यांनी घटते. भरणाच्या भिंतींवर ताण येतो, कोठेतरी सूक्ष्म फट पडते आणि त्या फटीत कीड पुन्हा शिरते. शिवाय प्रकाश खोलवर पोहोचत नसल्याने नेहमीचे कॉम्पोझिट सुमारे २ मिलिमीटरच्या थरांत भरावे लागते. यासाठी वेळ, कोरडे क्षेत्र, वीज आणि कुशल हात हवेत. तापमानाने होणारे प्रसरणही दाताच्या दुपटीहून अधिक असते.

ग्लास आयोनोमर सिमेंट लंडनच्या शासकीय रसायनशास्त्र प्रयोगशाळेत विल्सन व केंट यांनी शोधले. त्याविषयीचा शोधनिबंध १९७२ मध्ये आला. काचेचे चूर्ण आणि पॉलिॲक्रिलिक आम्ल यांच्या अभिक्रियेतून ते घट्ट होते. दाताच्या खनिजाला ते रासायनिक बंधाने चिकटते, ओलावा काही प्रमाणात सहन करते आणि फ्लोराइड सोडत राहते. वाकविण्याची बळकटी व झीज सोसण्याची क्षमता मात्र कॉम्पोझिटपेक्षा स्पष्टपणे कमी. असे असूनही २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने अत्यावश्यक औषधांच्या यादीत त्याचा समावेश केला. टांझानियात १९८० च्या दशकात विकसित झालेल्या पद्धतीत यंत्र व वीज न वापरता केवळ हातातील हत्यारांनी कीड काढून हेच सिमेंट भरतात. यांत्रिक गुणांत मागे असलेला पदार्थ सार्वजनिक आरोग्यात पुढे येतो, तो या कारणाने.

चांदीचा निरोप आणि त्याचा हिशेब

या सर्व काळात सरकारी रुग्णालयांचा आधार होती ती 'चांदी', म्हणजे पाऱ्याचे संमिश्र अमाल्गम. दाबाखाली तिची बळकटी ४०० मेगापास्कलच्या घरात जाते, ओलाव्याचे तिला वावडे नाही, भरणाऱ्याच्या हातचलाखीवर ती फारशी अवलंबून नाही. परंतु पारा विषारी आहे. २०१३ चा मिनामाता करार २०१७ मध्ये अमलात आला आणि भारताने २०१८ मध्ये त्यास अनुसमर्थन दिले. २०२२ मध्ये सदस्य देशांनी १५ वर्षांखालील मुले, गर्भवती व स्तनदा माता यांच्यासाठी अमाल्गम न वापरण्याची तरतूद केली. युरोपीय संघाने १ जानेवारी २०२५ पासून तिचा वापर जवळजवळ बंद केला, आणि नोव्हेंबर २०२५ मधील परिषदेत २०३४ पर्यंत जगभर ती टप्प्याटप्प्याने संपविण्याचे ठरले.

पर्यावरणाच्या दृष्टीने निर्णय योग्य आहे. पण त्याचा भार कोणावर पडतो, हे पाहिले पाहिजे. कॉक्रेन संस्थेच्या २०२१ मधील आढाव्यात दाढांमधील कॉम्पोझिट भरणे अयशस्वी होण्याची शक्यता अमाल्गमच्या जवळजवळ दुप्पट आढळली. त्यातील चाचण्या जुन्या साहित्यावरच्या होत्या आणि पुराव्याची खात्रीही मर्यादित होती, हे मान्य करूनही दिशा लक्षात येते. केवळ समजण्यासाठी एक काल्पनिक हिशेब करू. एक भरण १,००० रुपयांचे, दहा वर्षे टिकणारे. दुसरे ७०० रुपयांचे, पाच वर्षे टिकणारे. वार्षिक खर्च अनुक्रमे १०० व १४० रुपये. प्रत्येक वेळी बुडालेली दिवसाची मजुरी ४०० रुपये धरली तर पहिल्या भरणाचा वार्षिक भार १४०, दुसऱ्याचा २२० होतो. शिवाय प्रत्येक बदलात थोडा निरोगी दातही कोरला जातो आणि पोकळी मोठी होते. निविदेत मात्र ७०० रुपयांचे भरण जिंकते.

हा खर्च बहुतांशी खिशातून होतो. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार एकूण आरोग्य खर्चातील खिशातील खर्चाचा वाटा २०१३-१४ मधील ६४.२ टक्क्यांवरून २०२१-२२ मध्ये ३९.४ टक्क्यांवर आला, ही समाधानाची बाब आहे. पण २०१८ मध्ये सुरू झालेली प्रधानमंत्री जन आरोग्य योजना रुग्णालयात दाखल होण्याशी निगडित आहे. बाह्यरुग्ण विभागातील दातभरण तीत बसत नाही. परिणामी गरीब कुटुंबाचा निर्णय दोन भरणांमधील नसतोच, तो भरण आणि दात उपटणे यांमधील असतो.

वाळूपासून कॅपपर्यंत

रामघाटावरून नदीकाठाने दक्षिणेस काही किलोमीटरवर काशी हिंदू विश्वविद्यालय आहे. तेथे १९२४ मध्ये सिरॅमिक विषयाचे शिक्षण सुरू झाले, देशात सर्वप्रथम. तो विभाग आज २०१२ पासून भारतीय प्रौद्योगिकी संस्था म्हणून ओळखल्या जाणाऱ्या संस्थेत आहे आणि त्याच परिसरात विश्वविद्यालयाची दंतविज्ञान विद्याशाखाही आहे. कोलकात्याची केंद्रीय काच व सिरॅमिक संशोधन संस्था आणि तिरुवनंतपुरमची श्रीचित्रा तिरुनाल संस्था जैवपदार्थांवर काम करतात. कच्चा मालही आपल्याकडे आहे : केरळमधील चवरा, तमिळनाडूतील मनवलाकुरिची आणि ओडिशातील छत्रपूर येथील किनारी वाळूतून झिर्कॉन निघतो, सिंधुदुर्गातील कासार्डे-फोंडा भागात सिलिका वाळू आहे. तरीही दवाखान्यात बसविल्या जाणाऱ्या झिर्कोनियाच्या चकत्या मोठ्या प्रमाणावर आयात होतात. कारण मघाचे ६.६ मायक्रॉन. वाळू आणि चकती यांमध्ये अतिशुद्ध, एकसारख्या कणांचे चूर्ण तयार करण्याची पायरी आहे, आणि मूल्यवर्धन तेथेच होते. अर्धवट भाजलेली चकती संगणकाच्या साह्याने कोरून पुन्हा भाजताना प्रत्येक बाजूने २० टक्क्यांहून अधिक आक्रसते; चूर्ण एकसारखे नसेल तर कॅप दातावर बसणारच नाही.

नियमनाची चौकट आता तयार आहे. १ एप्रिल २०२० पासून सर्व वैद्यकीय उपकरणे औषधविषयक कायद्याच्या कक्षेत आली आणि २०२३ पर्यंत त्यांचे परवाने वर्गवारीनुसार टप्प्याटप्प्याने अनिवार्य झाले. सिरॅमिकसाठी आंतरराष्ट्रीय मानकात उपयोगानुसार पायऱ्याही दिलेल्या आहेत : पुढच्या एका दातासाठी ५० मेगापास्कल पुरतात, तर चार किंवा अधिक दातांच्या पुलासाठी ८०० लागतात. सार्वजनिक खरेदीच्या निविदेत दराबरोबर या पायऱ्या, वायबुल गुणांक आणि पाण्यात ठेवल्यानंतरची बळकटी यांची मागणी करता येण्याजोगी आहे. कोरड्या नमुन्याची बळकटी सांगणे सोपे असते. पाण्याचे रेणू भेगेच्या टोकाशी सिलिकॉन-ऑक्सिजन बंध तोडत राहतात व तीच कॅप काही वर्षांनी कमी भाराखाली तुटते.

एका स्थानिक प्रश्नाचा येथे उल्लेख आवश्यक आहे. वाराणसीच्या दक्षिणेकडील सोनभद्र जिल्ह्यात आणि आपल्याकडे यवतमाळ, चंद्रपूर भागात भूजलातील अतिरिक्त फ्लोराइडमुळे दात डागाळलेले आढळतात. अशा एनॅमलचा वरचा थर आम्लाला अधिक दाद देत नाही आणि राळेची पकड कमी भरते. आम्ल अधिक वेळ लावणे किंवा वरचा थर हलकेच घासणे हे उपाय केले जातात. परंतु भरणाची निवड करणारी मानके निरोगी दातांवर बेतलेली आहेत. या जिल्ह्यांतील काढलेल्या दातांवर कॉम्पोझिट व ग्लास आयोनोमर यांची पकड, सहा महिने पाण्यात आणि ५ ते ५५ अंशांच्या फेऱ्यांनंतर, मोजून पाहण्यास फार मोठी यंत्रसामग्री लागत नाही. नमुने ओढून पाहणारे चाचणी यंत्र आणि तापमान राखणारी दोन पाण्याची पात्रे बहुतेक दंत महाविद्यालयांच्या आवाक्यातील आहेत. देशात अशी तीनशेहून अधिक महाविद्यालये असून महाराष्ट्र व उत्तर प्रदेश या दोन्ही राज्यांत त्यांची संख्या मोठी आहे.